मावशीच्या पोटावरचं चित्र

नवऱ्याला बनियनवर उभं करून त्याच्या पोटावर आतडी पाडणारी डॉक्टर, अशी सिल्वासाच्या टोकरखाड्यात काही वर्षं माझी ओळख होती. ती खोटी नव्हती. फक्त आतडी चित्रातली होती आणि नवरा राजीखुशीने उभा राहायचा. निदान पहिल्या वेळी तरी.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. पुण्याहून आम्ही सिल्वासाला आलो ते नवऱ्याच्या नोकरीमुळे. प्लास्टिकची पारदर्शक शीट बनवणाऱ्या एका कारखान्यात तो इंजिनिअर होता. मी कॉलनीतल्या घराच्या पुढच्या खोलीत संध्याकाळचा दवाखाना चालवायचे. दुपार मोकळी असायची. ती एका संस्थेने अलगद उचलली. आजूबाजूच्या गावांतल्या मुलींना आरोग्याचं प्राथमिक शिक्षण द्यायचं होतं आणि त्यांना शिकवणारं कोणी मिळत नव्हतं. नरोलीला त्यांच्या दोन खोल्या होत्या. तिथे मी जाऊ लागले.

वर्गात दुधनीपासून नरोलीपर्यंतच्या मुली होत्या. आपसात त्या गुजराती बोलत, काहींच्या घरी वारली बोली, माझ्याशी हिंदी-मराठीची मिसळ. जखम धुणं, ताप मोजणं, जुलाब झालेल्या मुलाला मीठ-साखरेचं पाणी पाजणं हे सगळं त्या झटक्यात शिकल्या. अडलं ते शरीराच्या आत. माझ्याकडे मानवी शरीराचा एकच तक्ता होता, भिंतीवर टांगायचा. एकदा उजळणी घेताना मी विचारलं, "यकृत कुठे असतं? आपापल्या अंगावर दाखवा."

सगळ्या वर्गाने एकदिलाने डाव्या बरगड्यांखाली हात ठेवला.

चूक त्यांची नव्हती. तक्त्यातला माणूस आपल्याकडे तोंड करून उभा असतो, त्यामुळे त्याची उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला येते. मी तक्ता काढला, स्वतःच्या पोटाशी धरला आणि म्हटलं, "आता बघा, यकृत माझ्या उजव्या बाजूला आलं की नाही?" मुलींनी माना डोलावल्या. तेवढ्यात दुधनीची एक चुणचुणीत मुलगी म्हणाली, "पण मॅडम, याचं पोट तर तुमच्या गुडघ्यापर्यंत आलंय." तक्ता उंचीने माझ्याएवढा होता आणि मी उंचीने फारशी नव्हते. वर्ग हसून लोळला. मीही हसले, पण घरी जाताना बसमध्ये तोच प्रश्न डोक्यात होता. चित्र भिंतीवर असतं आणि माणूस खुर्चीवर. दोघांची गाठ कशी घालायची?

उत्तर आमच्याच घरी मिळालं. नवऱ्याला कारखान्यातल्या सुपरवायझरांना प्रशिक्षण द्यायचं होतं. त्यासाठी कंपनीने ओव्हरहेड प्रोजेक्टर आणला होता. काचेवर पारदर्शक कागद ठेवायचा, खालून दिवा लागतो आणि कागदावरचं चित्र मोठं होऊन समोरच्या भिंतीवर पडतं, असं ते यंत्र. सराव करायला त्याने ते सुट्टीच्या दिवशी घरी आणलं. हॉलचे पडदे ओढून तो भिंतीवर मशीनचं चित्र जुळवत असताना मी चहा घेऊन मधून गेले.

"थांब, हलू नकोस," तो म्हणाला. "आख्खा एक्सट्रूडर तुझ्या पोटात बसलाय."

मी खाली पाहिलं. फिकट पिवळ्या साडीवर मशीनचा स्क्रू, हीटर, प्लास्टिकचे दाणे टाकायचं नरसाळं, सगळं लख्ख उमटलं होतं. नरसाळं नेमकं गळ्याशी आणि तोंड पार कमरेशी. चहाचा कप हातात धरून मी तशीच उभी राहिले.

"अरे," मी म्हटलं, "यात यकृत घातलं तर?"

"कशात? चहात?"

पारदर्शक शीटची आमच्या घरी ददात नव्हती. कारखान्यातली कडेला कापून टाकलेली शीट नवऱ्याने पिशवीभर आणून दिली. मी माझं कॉलेजातलं शरीररचनेचं जाड पुस्तक काढलं आणि गिरवायला बसले. एका शीटवर फक्त हाडं, एकावर फुप्फुसं आणि हृदय, एकावर यकृत आणि जठर, एकावर आतडी. या शीटवर उमटणारी पेनं बाजारात चारच रंगांची मिळाली, त्यामुळे यकृत लाल, जठर निळं आणि पित्ताशय हिरवं झालं. सगळ्या शीटच्या वरच्या कडा चिकटपट्टीने जोडल्या, म्हणजे पुस्तकाच्या पानांसारखी एकेक उलटता येईल आणि खालचं वरच्यातून दिसत राहील.

मग नवऱ्याला पांढऱ्या बनियनवर भिंतीपुढे उभं केलं.

पहिल्या प्रयत्नात त्याचं यकृत खांद्यावर गेलं. प्रोजेक्टर मागे घेतला तर जठर मांडीपर्यंत आलं. पुढे घेतला तर सगळा माणूस छातीतच मावला. शेवटी एक युक्ती सुचली. चित्रात गळ्याखालची दोन हाडं आणि बेंबी ठळक काढली. ही दोन ठिकाणं त्याच्या खऱ्या हाडांवर आणि खऱ्या बेंबीवर बसेपर्यंत यंत्र सरकवत राहायचं. ती बसली की मधलं सगळं आपोआप जागेवर येत होतं. डोळ्यांवर झोत येऊ नये म्हणून काचेच्या वरच्या कडेला पुठ्ठ्याची पट्टी लावली. मी बोटाने बरगड्या चाचपून खात्री करून घेत होते आणि त्याला गुदगुल्या होत होत्या, त्यामुळे त्याची आतडी अधूनमधून भिंतीवर उडी मारत.

एकदा शीट उलटी ठेवली गेली आणि हृदय उजवीकडे आलं. त्याने गंभीर चेहरा करून तिथे हात ठेवला. "बघ, लग्नानंतर मी इतका बदललोय."

पुढच्या सुट्टीला प्रोजेक्टर, नवरा आणि शीट, तिन्ही घेऊन मी नरोलीला गेले. खिडक्यांना घोंगड्या लावून भर दुपारी अंधार केला. दिवा लागला आणि बनियनवर आधी बरगड्यांचा पिंजरा उमटला. मग शीट पडली तशी फुप्फुसं आली, हृदय आलं, शेवटी लालभडक यकृत. मग ती दुधनीची मुलगी उठली, हळूच जवळ गेली आणि तिने त्याला विचारलं, "भाऊ, दुखत नाही ना?"

त्या दिवशी वर्ग संपता संपेना. प्रत्येकीला जवळून बघायचं होतं. यकृत बरगड्यांच्या आड लपलेलं असतं, हे मी कितीदा तोंडाने सांगितलं होतं, आता ते त्यांनी पाहिलं. मी नवऱ्याला खोल श्वास घ्यायला सांगितलं आणि मुलींना म्हटलं, "हात ठेवून बघा. श्वास घेतला की आतलं यकृत खाली सरकतं, हे वरचं चित्र मात्र जागचं हलत नाही. म्हणून चित्रावर भरवसा ठेवायचा तो अंदाजापुरता. खरं काय ते हात सांगतो." नवऱ्याच्या पोटावर एकापाठोपाठ एक इतके हात पडले की तो म्हणाला, "देवळातल्या मूर्तीला काय वाटत असेल ते मला आज कळलं." पुढे मुलीच एकमेकींवर चित्र पाडू लागल्या. त्यासाठी माझा डॉक्टरी पांढरा कोट उलटा, म्हणजे गुंड्या पाठीकडे, घालायची पद्धत पडली. कोटाचा छान पडदा व्हायचा आणि कुणाला संकोच वाटत नसे.

परवा माझ्या भाचीने तिच्या वैद्यकीय महाविद्यालयात मला एक चष्मा घालायला दिला. समोर झोपलेल्या माणसाच्या अंगावर त्याच्या रक्तवाहिन्या, हाडं, सगळं दिसत होतं. मी वाकले तर चित्रही वाकून दिसायचं, तो माणूस हलला तर तेही त्याच्याबरोबर हलायचं. याला ऑगमेंटेड रिअॅलिटी म्हणतात, असं तिने समजावून सांगितलं. मी भान हरपून बघत राहिले. आमचं चित्र माणसाबरोबर हलत नसे, माणसालाच चित्राबरोबर स्थिर राहावं लागे. पण त्या प्रोजेक्टरने एक काम असं केलं की त्याची आठवण झाली की मला आजही उजेड पडल्यासारखं वाटतं.

वर्गाच्या शेजारी एक खानावळ होती. नरोलीत तेव्हा नवे कारखाने उभे राहत होते आणि भाड्याच्या खोल्यांत धुळे-जळगावकडची पोरं दाटीवाटीने राहायची. त्यांना जेवू घालणारी बाई शिरपूरकडची होती. नवरा धाग्याच्या कारखान्यात मशीनवर, आणि हिची खानावळ. आडव्या बांध्याची, खणखणीत आवाजाची. सगळं नरोली तिला मावशी म्हणायचं. आमच्या मुलींचं दुपारचं जेवणही तिच्याकडून यायचं आणि ते ती स्वतः घेऊन यायची, कारण वर्गात काय चाललंय हे बघितल्याशिवाय तिला चैन पडत नसे.

या मावशीच्या उजव्या बरगडीखाली वर्षभर कळा येत होत्या. तळलेलं खाल्लं की रात्र बसून काढायची. मीच तिला वापीला सोनोग्राफीला पाठवलं होतं. पित्ताशयात खडे निघाले. ऑपरेशन करून पित्ताशय काढावं लागेल, असं तिथल्या सर्जननी सांगितलं आणि मावशी जी घरी आली ती परत गेलीच नाही.

"मले नाही करायचं," ती म्हणायची.

"का पण?"

"त्या मशीनवर मी पाहिलं ना डोळ्यांनी. टीव्हीवर मुंग्या येता ना, तशा नुसत्या मुंग्या! डॉक्टरले म्हटलं, कुठं आहे खडा? तो म्हणे, हा काय इथं. मले काय बी दिसलं नाही. त्याले तरी दिसलं का, देव जाणे. उद्या पोट फाडल्यावर शोधत बसतील. धान्याच्या कोठीत अंगठी पडल्यावर कसं, खांद्यापर्यंत हात घालून सगळं दाणं वरखाली करायचं, तसं."

"मावशी, सर्जनला माहीत असतं काय कुठे आहे."

"असंल. पण पोट माझं. मले माहीत नको?"

तिचा नवरा अबोल माणूस. तो एकदा दवाखान्यात येऊन म्हणाला, "तिले तुम्हीच सांगा, बाई. मी सांगितलं तर मलेच म्हणे, तुझं काढून घे." तिच्या कळा वाढत होत्या. एकदा जेवण वाढता वाढता ती मधेच खाली बसली आणि सगळ्या पोरांनी ताटावरून उठून गलका केला. आपण नसलो की या पोरांना कोण जेवू घालणार, हा विचार तिला आत कुठेतरी पोखरत होता. ऑपरेशनची भीती आणि खानावळ बंद पडायची भीती, दोन्ही एकमेकींत गुंतल्या होत्या.

प्रोजेक्टरचा दिवस आला तेव्हा मावशी डबे घेऊन दारात उभी होती. माझ्या नवऱ्याच्या बनियनवर यकृत उमटलं तशी ती डबे तिथेच ठेवून आत आली. मी मुलींना दाखवत होते, "हे यकृत. आणि याच्या खालच्या अंगाला ही हिरवी पिशवी दिसते ना, हे पित्ताशय."

"ओ माय!" मागून आवाज आला. "ही तर कोंबडीतली थैली!"

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं.

"कोंबडी साफ करताना कलेजीले चिकटलेली राहते ना हिरवी थैली, तीच ना ही? ती फुटली की सगळं मटण कडू. अलगद काढावी लागते." मग ती थांबली. स्वतःच्या उजव्या बरगडीखाली तिचा हात गेला. "म्हणजे माझे खडे या थैलीत आहेत?"

"हो."

"इतलुशी थैली?"

"एवढीशीच. आणि तेवढीच काढायची आहे."

ती चित्राच्या अगदी जवळ गेली. मग म्हणाली, "थैली काढली तर कोंबडीले काही होत नाही."

"मावशी," माझा नवरा तिथूनच म्हणाला, "कोंबडी आधीच मेलेली असते."

मुली खिदळल्या, पण मावशी विचारात होती. तिने मला विचारलं की पिशवीच काढली तर पित्त कुठून येणार? मी तिला सांगितलं की पित्त यकृतात तयार होतं, पिशवी म्हणजे नुसती गच्चीवरची टाकी. टाकी काढली तरी पाणी थेट नळाला येत राहतं. टाकी काढण्याचा मुद्दा तिला पटला, कारण खानावळीच्या टाकीने तिला अलीकडेच छळलं होतं. तरी ती म्हणाली, "हे यांच्या पोटात झालं. माझ्या पोटात कुठं आहे?"

"तुमच्यावर पाडू?"

"पाडा. पण मले दिसलं पाहिजे. मान वाकवून दिसत नाही, मधे माझंच पोट येतं."

तिला दिसावं म्हणून समोरच्या सलूनमधला मोठा आरसा आणायचं ठरलं. तिच्या नवऱ्याने आणि न्हाव्याने मिळून तो आणला. दुकानात अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक होतं, तेही फेस सुकत असताना मागे मागे आलं. त्या सगळ्यांना आरसा लावून झाल्यावर मी बाहेर काढलं आणि दार लोटलं. मावशीने माझा कोट उलटा चढवला. तो तिला पुढून जेमतेम पुरला. मी हाडं आणि बेंबी जुळवू लागले, पण माझं चित्र सडपातळ माणसाचं होतं. गळा जुळला की बेंबी सुटायची. शेवटी मी मधला मार्ग काढला आणि तिला तसं सांगितलं, "थोडं इकडेतिकडे असेल हं."

आरशात तिने स्वतःला पाहिलं. कोटावर लाल यकृत, निळं जठर, आणि बरगडीच्या कडेला हिरवी पिशवी. तिने त्या हिरव्यावर बोट ठेवलं, जरासं दाबलं आणि दचकून म्हणाली, "इथंच दुखतं! इथंच!"

तिचे डोळे भरून आले होते, पण ती हसत होती. "वर्षभर मी समजत होते की सगळं पोटच नासलंय," ती म्हणाली. "मले वाटे, आत सगळं काळंनिळं झालं असंल. इतलुशी थैली आणि इतला जीव खाल्ला माझा!"

तरी मावशी म्हणजे मावशी. तिने एक अट घातली. "ज्याचा हात माझ्या पोटात जाणार, त्याने आधी इथं येऊन दाखवायचं."

मी सर्जनना फोन केला तेव्हा मला थोडी लाजच वाटत होती. ते वयस्कर गुजराती गृहस्थ, कडक स्वभावाचे म्हणून प्रसिद्ध. पण त्यांना कुतूहल वाटलं असावं. पुढच्या खेपेला प्रोजेक्टर लावला तेव्हा ते खरंच आले. चित्र बघून म्हणाले, "सरस! पण बेन, दरेक पोट जुदं असतं."

"म्हणूनच तर तुम्हाला बोलावलं," मी म्हटलं.

त्यांनी मावशीच्या बरगडीची कड बोटांनी शोधली, तिला श्वास घ्यायला लावला आणि मला सांगितलं, "तुमचा प्रोजेक्टर थोडा सरकवा. हां, अजून. बस." हिरवी पिशवी दोन बोटं वर गेली. मग त्यांनी काप कुठे घेणार ते बोटाने आखून दाखवलं. त्यांचा हात झोतात आल्यामुळे यकृत त्यांच्या मनगटावर चढलं.

मावशी आरशात बघून हसली. "डॉक्टरसाहेब, माझं कलेजं तुमच्या हातावर आलं."

"हातावर आलं म्हणजे सांभाळायला पाहिजे," ते म्हणाले. त्या कडक माणसाला हसताना मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं.

"किती वेळ शोधाल?"

"शोधायचं कशाला, मावशी? तुम्हीच तर दाखवली."

मावशीने होकार दिला. खानावळीसाठी शिरपूरहून धाकटी बहीण आली. ऑपरेशनच्या दिवशी मी वापीला गेले. स्ट्रेचरवरून आत जाताना ती घाबरली होती, माझा हात तिने घट्ट धरला होता. पण तोंड चालूच होतं. तिच्या नवऱ्याला ती सांगत होती, बहिणीला म्हणावं वरणात हिंग विसरू नको. बाहेर बाकावर तिचा नवरा आणि मी बसलो. मधेच त्याने स्वतःच्या बरगडीखाली बोट ठेवून मला विचारलं, "इथंच ना, बाई?" मी म्हटलं, "इथंच." त्याने मान हलवली.

सर्जन बाहेर आले ते मास्क खाली ओढत. "झालं. जिथे दाखवली तिथेच होती."

टाके निघाल्यावर मावशी नरोलीला परतली तेव्हा कामगार पोरांनी खानावळीच्या दाराला आंब्याची पानं लावली होती. बहिणीच्या हातच्या स्वयंपाकाला सगळे कंटाळले होते, हे त्यात अर्थातच होतं. जड पातेलं उचलायला मी काही दिवस बंदी घातली, तेव्हा ती खुर्चीवर बसून हुकूम सोडायची आणि पोरं पातेली उचलायची. कुणी पोट दुखतंय म्हणालं की ती म्हणे, "जा डॉक्टरीणबाईकडे, आधी स्वतःचं पोट बघून ये. घाबरायचं ते नंतर." त्या वर्षी माझ्याकडे इतकी माणसं पोट बघायला आली की नवऱ्याच्या कंपनीला प्रोजेक्टर परत मागायला शिपाई पाठवावा लागला. मग मुलींनीच एका जुन्या बल्बने आणि बहिर्गोल भिंगाने तसलं काहीतरी बनवायचा प्रयत्न केला. चित्र उलटं पडायचं. त्यांनी माणसाला उलटं करायचा विचार केला नाही, शीट उलटी केली, याचा मला फार अभिमान वाटला.

पुढे एका रविवारी सर्जन सहकुटुंब सिल्वासाला फिरायला आले होते. जेवायला कुठे जावं, असं त्यांनी मला विचारलं. मी त्यांना मावशीच्या खानावळीत नेलं. तिने त्यांना कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी आणि वांग्याचं भरीत वाढलं, वर तेलाची धार. त्यांच्या पत्नीने तिखट बघून जरा हात आखडता घेतला.

"खा, बेन," मावशी त्यांना म्हणाली, "काही झालं तर तुमच्या घरीच आहे माणूस."

सर्जननी दुसरी भाकरी मागितली.